सोयाबीनचं पिवळेपण आकाशातून कळतं का?

प्रश्न : लोणारच्या सरोवरापासून जवळच आमचं दोन एकर सोयाबीन आहे, मधे तुरीची तासं. उपग्रहावरून पिकाचा रोग आधीच कळतो असं ऐकतो. एवढ्या उंचीवरून माझं शेत दिसतं का? आणि रोग माझ्याआधी त्याला कसा कळेल?
– एक शेतकरी वाचक, लोणार

उत्तर : शेत नक्की दिसतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौकोन असतो. म्हणजे जवळजवळ एक गुंठा. तुमच्या दोन एकरांचे ऐंशी ठिपके झाले. धुऱ्यालगतचे वगळा, कारण त्यांत धुऱ्यावरची बाभूळही मिसळते. शेत चौकोनी असेल तर पन्नासेक ठिपके भरवशाचे उरतात.

आता रोगाचं. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. हरितद्रव्य घटलं की परतणारा तांबडा प्रकाश वाढतो, पानं गळाली किंवा सुकली की अवरक्त कमी होतो. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि त्या दोहोंच्या बेरजेनं भागायचं, की ‘एनडीव्हीआय’ हा आकडा मिळतो. उघड्या जमिनीचा तो ०.२ च्या आसपास असतो, दाटलेल्या सोयाबीनचा ०.८ च्या घरात. पीक कमरेला लागलं की शेताच्या मध्यापर्यंत कोणी रोज शिरत नाही. तिथली घसरण चित्रात तुमच्याआधी दिसू शकते.

पण ती कशानं झाली, हे चित्र सांगत नाही. याचा उत्तम दाखला तुमच्याच गावात आहे. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं. २५ मे रोजी हिरवं आणि १० जूनला गुलाबी, अशी दोन्ही चित्रं अमेरिकेच्या लँडसॅट-८ उपग्रहानं टिपली. कारण मात्र पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पोचल्यावर कळलं : खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. सोयाबीनचंही तसंच. पांढऱ्या माशीनं पसरवलेला पिवळा मोझॅक, खोडमाशी, साचलेलं पाणी, लोहाची कमतरता, सगळ्यांत पीक पिवळं पडतं. एवढंच काय, काढणीला आलेलं निरोगी सोयाबीनही पिवळंच होतं. म्हणून पेरणीची तारीख हाताशी नसेल तर त्या आकड्याचा अर्थ लावू नये.

खरी अडचण ढगांची आहे. सेंटिनेल-२ ची जोडी दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जाते, पण जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ मोकळं असेल तरच चित्र कामाचं. नेमकं तेव्हाच तुमचं पीक वाढत असतं. रडारच्या लहरी ढगांतून पार जातात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला इस्रो-नासाचा ‘निसार’ याच पद्धतीचा. पण रडारला पानाचा रंग दिसत नाही. पिकाची उंची-दाटी आणि जमिनीतली ओल यांचा अंदाज त्यावरून बांधतात.

याच चित्रांवरून उत्पादनाचाही अंदाज वर्तवतात. त्यासाठी यंदाचे आकडे मागच्या वर्षांशी ताडतात, त्यांत पाऊस आणि तापमान मिळवतात. दिल्लीचं महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र २०१२ पासून हे काम करतं. पंतप्रधान पीक विमा योजनेनंही २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या हिशेबात अशा अंदाजाला किमान ३० टक्के वजन दिलं. मोठ्या क्षेत्राची सरासरी सांगायला ही पद्धत चांगली. एका शेतावर मात्र ती चुकू शकते, कारण उपग्रहाला पानं दिसतात, शेंगेतला दाणा नाही. दाणे भरताना पावसानं ताण दिला तर शेत काही दिवस हिरवं दिसतं आणि शेंगा पोचट निघतात. त्यामुळे पैशाचा प्रश्न असेल तिथे पीक कापणी प्रयोग, म्हणजे शेतात प्रत्यक्ष पीक कापून उत्पादन मोजणं, बंद करू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही एवढं करा. सेंटिनेलची चित्रं ‘कोपर्निकस’ या युरोपीय कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. घरातल्या शिकत्या मुलाला सांगून आपलं शेत शोधून घ्या. शेजारच्या, त्याच आठवड्यात पेरलेल्या सोयाबीनशी तुलना करा. एखादा तुकडा मागे पडलेला दिसला तर तिथली चार झाडं मुळासकट उपटा, खोड चिरून आत अळी आहे का बघा, पान उलटवून पांढरी माशी शोधा, आणि ती झाडं घेऊनच सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे जा. सोयाबीन निघाल्यावर त्याच ठिपक्यांत नुसती तूर उरेल, आकडा एकदम खाली येईल. त्यानं घाबरू नका. रब्बीत हरभरा घेणार असाल तर आभाळ बहुधा मोकळं असतं, तेव्हा ही चित्रं खरिपापेक्षा पुष्कळ जास्त उपयोगी पडतील.