"मारत तर नाही ना?"

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा आईजवळ तोंड उघडलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारत तर नाही ना?" मी म्हटलं, "नाही." तिचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला. पुढची चार वर्षं मी त्या एका 'नाही'वर काढली.

माझा पगार ज्या खात्यात जमा व्हायचा, त्याचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असे. भाजीला दोनशे रुपये मिळायचे आणि रात्री जेवणाआधी त्यांचा हिशेब द्यावा लागायचा. पाच-दहा रुपयांचा फरक निघाला तर तो ओरडायचा नाही, बोलणंच बंद करायचा. कधी कधी आठवडाभर. मग मीच माफी मागायची, कशाची ते न कळता. माहेरचा फोन स्पीकरवर. मैत्रिणी एकेक करून सुटल्या, कारण प्रत्येकीत त्याला काहीतरी खोट दिसायची. चारचौघांत मात्र इतका लाघवी, की गणपतीत सोसायटीतल्या बायका मला म्हणायच्या, "नशीब काढलंस हो."

मुलगी सात वर्षांची असताना एकदा तिला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला पाठवलं. जुडी दहाऐवजी पंधराला मिळाली. जिना चढताना ती पुटपुटत होती, "बाबा, भाव वाढला होता, मी त्यांना दोनदा विचारलं…" मी दारात उभी होते. ते माझे शब्द होते, माझ्याच सुरात.

त्याच महिन्यात डोकेदुखीसाठी महापालिकेच्या रुग्णालयात गेले. रक्तदाब मोजून झाल्यावर सिस्टरांनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "घरी कुणाची भीती वाटते का?" दहा वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. उत्तर द्यायच्या आधी रडूच आलं. त्यांनी मला तिथल्याच समुपदेशन केंद्रात नेऊन बसवलं. मुंबईत अशा कामाची सुरुवात २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' या नावाने झाली. छळ सोसणारी बाई पोलीस ठाण्यात जायला कचरते, पण औषधाला दवाखान्यात येतेच, हे ज्यांनी ओळखलं त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

केंद्रातल्या ताईंनी सांगितलं, की कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानतो. बाईला तिच्या पैशापासून तोडणं हीसुद्धा हिंसा. "फ्लॅट माझ्या बाबांच्या नावावर आहे, तुझं इथे काय आहे?" हे नवऱ्याचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की ते खरंच वाटायचं. पण घर सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी जिथे तिने संसार केला तिथे राहण्याचा हक्क सून मागू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिलेला आहे.

पुढची वाट लांब होती, पण एकटीची नव्हती. संरक्षण अधिकाऱ्यांनी घटनेचा अहवाल लिहून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकील दिला, फुकट. बाईचं उत्पन्न कितीही असो, ही मदत तिला मिळते.

एक चूक तुम्ही करू नका. मी घर सोडून निघाले तेव्हा मुलीचा जन्मदाखला, माझं आधार कार्ड, पासबुक, सगळं कपाटातच राहिलं. आधीच त्यांचे फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. दागिन्यांची यादी करा. पगार स्वतःच्या वेगळ्या खात्यात वळवा. फोन तपासला जात असेल तर मदतीचा फोन शेजारणीच्या मोबाइलवरून करा. जिवाला धोका वाटला तर मात्र कागदांसाठी थांबू नका, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडा. स्त्रीधन आणि कागद परत देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, तातडीला ११२.

आणि लेक, बहीण, शेजारीण तुमच्याजवळ बोलायला बसली, तर "मारतो का?" एवढंच विचारून थांबू नका. "घरी भीती वाटते का?" असं विचारा, आणि ती बोलेपर्यंत उठू नका.