भाचीस पत्र : पहिली इलेक्ट्रिक गिटार

नागपूर



तुझे पत्र पावले. ज्या घरात भजनाच्या पेटीखेरीज दुसरे वाद्य आजवर आले नाही, त्या घरातील मुलीने आपल्या अंतरीच्या ओढीने इलेक्ट्रिक गिटार मागावी आणि वडिलांनी तिला आनंदाने अनुमती द्यावी, या वर्तमानाने मला परम संतोष झाला. मात्र तू पाठविलेल्या यादीतील ज्या तीन गिटारींवर खुणा केल्या आहेस, त्या तिन्ही रंग व आकार पाहून निवडलेल्या दिसतात. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तुमचे गोरेगाव तालुक्याचे ठिकाण असले तरी तेथे गिटार दुरुस्त करणारा कारागीर सहजी मिळावयाचा नाही, आणि प्रत्येक लहानसहान बिघाडासाठी गोंदियास किंवा नागपुरास खेप घालणे तुझ्या अभ्यासास व भाऊजींच्या जमाखर्चास परवडणारे नाही. तेव्हा जी गिटार तू एक स्क्रूड्रायव्हर आणि दोन किल्ल्या घेऊन घरीच उघडू, जुळवू व पुन्हा मिटवू शकशील तीच तुझी, हा माझा पहिला आणि मुख्य निकष आहे. अशी गिटार म्हणजे कमी प्रतीची गिटार, असा समज मात्र होऊ देऊ नकोस. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर या गृहस्थाने, ज्याला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती, 1950 साली भरीव लाकडाच्या फळीस चार स्क्रूंनी दांडी जोडून जी गिटार बाजारात आणली आणि जी पुढच्याच वर्षी टेलिकास्टर या नावाने प्रसिद्धीस आली, तिच्या रचनेचे सारे मर्म हेच होते की बिघडलेला भाग काढावा, नवा बसवावा आणि वादकाचे काम अडू नये. सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी थोर थोर वादक तीच साधी रचना हाती घेत आले आहेत. तिच्या धर्तीवर बनविलेल्या स्वस्त गिटारी आज सर्वत्र मिळतात. त्यांपैकी एक तुला पुरेशी आहे.

गिटारीच्या अंगावर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी स्थिर असावी. दांडा हलवून स्वर थरथरविणारी तरंगती घोडी दिसावयास मोहक असली, तरी तिच्यात एक तार ताणली की उरलेल्या पाचांचा स्वर ढळतो, आणि नवशिक्याचा सारा उत्साह तारा लावण्यातच खर्ची पडतो. तुझ्या यादीतील लाल गिटारीस अशीच घोडी आहे; ती तू मनातून काढून टाकावीस हे बरे. तुझी बोटे अजून आखूड आहेत, याचाही विचार केला पाहिजे. टेलिकास्टरच्या तारेची मोकळी लांबी सुमारे 648 मिलिमीटर असते. ती तुला लांब पडली, तर 610 मिलिमीटरची मिळते, आणि तीत कमीपणा काही नाही. खुद्द फेंडरच्या कारखान्याने 1956 साली विद्यार्थ्यांसाठी याहूनही आखूड अशा दोन गिटारी काढल्या होत्या. तारा बारीक, म्हणजे पहिली तार 0.009 इंचाची घ्यावी, कारण पेटीप्रमाणेच गिटारीच्या पडद्यांवरही सप्तकाचे बारा स्वर ठरून गेलेले असतात, पण बारीक तार बोटाने सरकवून तू मींड काढू शकशील, आणि हे सुख पेटीने तुला कधीच दिले नाही.

दुकानात गेल्यावर गिटारीचा नुसता झगझगाट पाहू नये. सहाही तारांवर प्रत्येक पडदा एकेकदा दाबून वाजवावा, म्हणजे 22 पडद्यांच्या गिटारीत 132 स्थानांची रुजुवात होते, आणि कोठे तार खरखरते वा स्वर मुका पडतो ते तत्काळ कळते. पहिला व शेवटचा पडदा एकाच वेळी दाबून मधल्या पडद्यांवर तार किती उचललेली राहते ते पाहिले, तर दांडीचा बाक उमगतो. बाराव्या पडद्यापाशी तार बरोबर निम्मी होते. तेथे तार दाबून काढलेला स्वर आणि तेथेच नुसत्या स्पर्शाने काढलेला स्वर एकच यावयास हवा. न आल्यास घोडीवरील स्क्रू फिरवून तो जुळवून द्यावा, असे दुकानदारास निःसंकोच सांगावे. ही जुळवणी करून देण्याची ज्याची तयारी नाही, त्याच्याकडून खरेदी करू नये.

तू म्हणतेस की सारे पैसे गिटारीत घालू, अँप्लिफायर पुढे पाहू. तसे करू नये. तार कंप पावली की तिच्याखालील लोहचुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि हा फॅरेडेने 1831 साली दाखविलेला नियमच तुला शाळेत शिकावयाचा आहे. त्या प्रवाहास वाचा देणारा अँप्लिफायर नसेल, तर भरीव गिटार जवळजवळ निःशब्द राहते. शंभरातले तीस रुपये त्यासाठी राखून ठेव. दहा वॅटचा, हेडफोन लावण्याची सोय असलेला पुरे, म्हणजे रात्रीच्या सरावाने आजीची झोपमोड होणार नाही. तारेखालील हे चुंबक व वेटोळे म्हणजेच पिकअप; तो शक्यतो दुहेरी वेटोळ्याचा घ्यावा. एकेरीत विजेच्या तारांची घरघर शिरते, आणि जुन्या वायरिंगच्या घरात ती फार त्रास देते.

एका गोष्टीत मात्र मी सवलत देणार नाही. भाऊजींनी गिटार घरात येण्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंगची तपासणी करून घ्यावी. 1972 साली ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा तरुण गिटारवादक, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागताच रंगमंचावर मृत्यू पावला. धान कापून झाल्यावर आपल्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके रंगतात आणि उद्या एखाद्या मंडळीत तूही वाजवशील अशी तुझी उमेद आहे. तेथील मांडवातली वीज घाईघाईने जोडलेली असते, म्हणून तीन पायांची पिन तोडून दोन पायांवर यंत्र चालविण्याची सवय तू कदापि लावून घेऊ नकोस. पावसाळ्यात गिटार भिंतीस टेकवून ठेवू नये, आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. आपल्याकडील दमट हवेत त्या लवकर गंजतात.

वापरलेली गिटार स्वस्तात मिळत असेल, तर माझी हरकत नाही. मात्र दांडी सरळ असावी. दिवाळीच्या सुट्टीत ताईस घेऊन नागपूरला ये. आपण दोघे दुकानात बसून दोन-तीन गिटारी जोडून पाहू आणि जी तुझ्या हातास मानवेल ती घेऊ. तोवर कोणासही बयाणा देऊ नकोस.

तुझा,
मामा