टॅपेट कव्हर आवळून गळती थांबत नाही

टॅपेट कव्हरमधून ऑइल पाझरायला लागलं की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "शेलॅक मारू साहेब, विषय संपला." तरीही गळलं, तर दुसरं : "थांबा, अजून अर्धा फेरा देतो." माझ्या जुन्या, चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीवर ही दोन्ही वाक्यं अमलात आली. परिणाम असा की हेडमधल्या एका बोल्टचे आटे गेले, कव्हरच्या कडेने शेलॅक म्हणून मारलेल्या सिलिकॉनची जाडजूड मिशी उगवली आणि ऑइल मात्र मॅनिफोल्डवर ठिबकतच राहिलं. सिग्नलला गाडी थांबली की केबिनमध्ये जळकट वास यायचा. तापलेल्या मॅनिफोल्डवर पडणारं ऑइल ही नुसती वासाची भानगड नसते, आग लागण्याचीही शक्यता असते.

मिस्त्रींना सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांचा हात ॲम्बॅसॅडरवर बसला, त्यांच्यापुढे पत्र्याचं कव्हर, कॉर्कचं पॅकिंग आणि वरून आवळायला दोन नट एवढाच मामला होता. पत्रा वाकायचा, कॉर्क वाळून आकसायचा, उरलेली फट शेलॅक भरून काढायचं. तिथे ते शहाणपणच होतं. आताचं कव्हर प्लास्टिकचं किंवा ओतीव ॲल्युमिनियमचं असतं, त्याच्या खोबणीत साच्यातून काढलेलं रबरी पॅकिंग बसतं, कडेने दहा-बारा बोल्ट येतात, आणि मधोमध प्लगच्या विहिरी असतील तर त्यांची वेगळी सीलं. इथे जुनी सवय उलटते.

माझं मूळ कव्हर प्लास्टिकचं होतं. उष्णतेने ते ठिसूळ झालं आणि ब्रीदरच्या कप्प्याजवळ त्याला तडा गेला. तड्याला एम-सील वगैरे लावून महिने काढणारे लोक मला माहीत आहेत, पण कव्हर बदलायला हवं होतं याबद्दल वाद नाही. कंपनीच्या भागाच्या निम्म्याहून कमी किमतीत बाहेरचं कव्हर मिळालं. पॅकिंग सोबत, बोल्टही सोबत. दिसायला मूळच्यापेक्षा देखणं. मिस्त्रींनी ते बसवलं आणि पहिल्याच मोठ्या फेरीनंतर मागच्या कडेला ओल दिसली. मग वरची दोन वाक्यं सुरू झाली.

खरा घोळ शेवटी व्हर्नियरने सापडला. अशा कव्हरांचे बोल्ट पुष्कळदा खांद्याचे असतात, म्हणजे आट्यांच्या वर दांड्याला एक जाड पायरी असते. बोल्ट आवळला की ही पायरी हेडवर टेकते आणि बोल्ट तिथेच थांबतो. कव्हरला खाली दाबतो तो बोल्टच्या डोक्याखालचा रबरी वॉशर. पॅकिंग किती दाबलं जाणार हे त्यामुळे मनगटाच्या जोरावर ठरत नाही. ते ठरतं पायरीची लांबी, वॉशरची जाडी आणि कव्हरच्या कानाची, म्हणजे बोल्ट बसतो त्या उंचवट्याची, उंची यांवर. माझ्या नव्या कव्हरचे कान जुन्यापेक्षा जवळजवळ एक मिलिमीटरने बुटके निघाले. खोबणीतून पॅकिंग बाहेर डोकावतं तेच मुळी एक-दीड मिलिमीटर, त्यातला एक मिलिमीटर दाब असा हवेत गेला. कुकरची रिंग ढिली झाल्यावर झाकण कितीही दाबलं तरी वाफ जातेच, तसंच हे. बोल्ट पायरीवर टेकल्यानंतर दिलेला प्रत्येक अर्धा फेरा पॅकिंगला काडीचाही मिळत नाही. तो सगळा ॲल्युमिनियमच्या आट्यांच्या मानगुटीवर बसतो.

मग मी व्हर्नियर आणि जुनं कव्हर पिशवीत घालून नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवरचे गृहस्थ आधी हसले. "काका, सोनं घेताय का?" पण दुसऱ्या बनावटीची दोन कव्हरं त्यांनी काढून दिली. त्यातल्या एकाचे कान चारही कोपऱ्यांत जुन्याच्या बरोबरीचे भरले. दुसऱ्याचे एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला कमी, म्हणजे साचाच वाकडा. खोकं दोन्हींचं सारखंच चकचकीत होतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : बाहेरचा भाग घ्यायला हरकत नाही, पण जुना भाग शेजारी ठेवून मापल्याशिवाय नाही. आणि कव्हर, पॅकिंग, बोल्ट, वॉशर यांची खिचडी करू नये. एका बनावटीचं कव्हर आणि दुसऱ्याचं पॅकिंग घेतलं की खोबणीची खोली आणि रबराची उंची जुळण्याची हमी कोणीच देत नाही. जुने वॉशर तर वापरूच नका. वर्षानुवर्षं तापून ते लाकडासारखे कडक झालेले असतात.

दुकानात आणखी दोन-तीन गोष्टी पाहता येतात. कव्हर जाड काचेच्या तुकड्यावर पालथं ठेवा. ते डुगडुगतंय का, कडेखालून ०.१ मिलिमीटरची फीलर पट्टी सरकते का, बघा. प्लास्टिकचं वाकडं असेल तर परत द्या, त्याला उपाय नाही. ॲल्युमिनियमच्या कव्हरला फेस मारून, म्हणजे कड सपाट घासून, घेता येतो, पण त्यात खोबण उथळ होते हे ध्यानात असू द्या. रंगवलेल्या कव्हरांत खोबणीतच रंगाचा थर साचलेला असतो, तो काढावा लागतो. आतल्या बाजूने बोट फिरवलं तर ओतकामाची कचकच लागते का तेही कळतं. तशी लागली तर कव्हर डिझेलने धुऊन, हवा मारून, पूर्ण कोरडं करून मगच बसवायचं. ते कण ऑइलबरोबर थेट कॅमशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत जातात.

आता बसवणं. इंजिन पूर्ण गार हवं. प्लगच्या विहिरीत ऑइल साठलं असेल तर प्लग खोलण्याआधी ते टिपून घ्या, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये उतरतं. गाडी मिसिंग करत होती आणि कॉइलचं रबर फुगलेलं निघालं, तर ते याच ऑइलमुळे. चिकटलेलं कव्हर निघेना म्हणून कडेत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, हेडच्या फेसवर एक ओरखडा पडला तरी पुढची गळती तिथूनच. रबरी हातोडीने बाजूने हलकं ठोकलं की सुटतं.

हेडचा फेस पुसायला गॅरेजमधलं कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत राहतात. पॉलिश पेपर तर अजिबात नको, त्याची पूड इंजिनला घातक. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, उघड्या भागावर स्वच्छ कापड पसरून ठेवा आणि शेवटी थिनर लावलेल्या फडक्याने फेस पुसा. फेस बोटाला कोरडा लागला पाहिजे. तेलकट फेसवर सिलिकॉन धरत नाही.

रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं. त्याला सिलिकॉन, शेलॅक, ग्रीस काही नको. सिलिकॉनवर रबर घसरतं आणि बोल्ट आवळताना खोबणीतून बाहेर येतं. शिवाय आतल्या बाजूला पिळून निघालेला सिलिकॉनचा लोळ तुटून संपमध्ये पडतो आणि पंपाच्या गाळणीवर जाऊन बसतो. गाळणी तुंबली की ऑइलचा दाब पडतो, मग कव्हरच्या गळतीची आठवण गोड वाटायला लागते. सिलिकॉन लागतं ते मोजक्या ठिकाणी : कॅमची कॅप हेडला भेटते ते कोपरे, टायमिंग कव्हर आणि हेड यांचा सांधा, अर्धचंद्राकार बूच असेल तर त्याची दोन टोकं. तिथे फेस एका पातळीत नसतो, म्हणून हरभऱ्याएवढा थेंब पुरे. हार्डवेअरच्या दुकानातलं, व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन इंजिनला लावू नका. ते धातूला खातं आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. सेन्सरला चालणारं असं ट्यूबवर लिहिलेलंच घ्या. थेंब लावल्यावर त्यावर साय धरण्याआधी, म्हणजे साधारण दहा मिनिटांत, कव्हर बसलं पाहिजे. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकतं. कोकणात पावसाळ्यात ते लवकर पिकतं, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वेळ घेतं. तरी एक रात्र गाडी सुरू न करणंच बरं.

सगळे बोल्ट आधी बोटांनी आट्यांत उतरवा. मग मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं आवळा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की दुसरा उचलला जातो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या, पण बहुतेक गाड्यांत तो ८ ते १२ न्यूटन मीटरच्या घरात असतो. १० न्यूटन मीटर म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला जेमतेम दहा किलोचा भार. हाताला तो "ढिला राहिला की काय" असा वाटतो आणि घोळ तिथेच होतो. चाकाचे नट आवळायचा मोठा टॉर्क पाना इथे निरुपयोगी, त्याचा काटा बऱ्याचदा सुरूच वीस-तीसच्या पुढे होतो. पाव इंची, पाच ते पंचवीसच्या टप्प्यातला छोटा पाना घ्या किंवा तासाभरासाठी कोणाकडून मागून आणा. आटे आधीच गेले असतील तर जाडा बोल्ट ठोकून भरू नका, मशिन शॉपमध्ये हेलिकॉइल बसवून घ्या. मला तेच करावं लागलं.

इतकं करूनही गळतंय? मग कव्हर सोडा आणि ब्रीदर बघा. पिस्टनच्या बाजूने खाली झिरपलेला वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेककडे जायला हवा. व्हॉल्व्ह चिकटला किंवा पाइप काजळीने बुजला की इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि उत्तम पॅकिंगलाही तो कोपऱ्यातून ढकलतो. इंजिन निवांत चालू असताना ऑइलचं झाकण काढून तोंडावर कागदाचा कपटा धरा. निरोगी पेट्रोल इंजिनात तो हलकासा आत ओढला जातो किंवा जागीच थरथरतो. जोराने उडाला तर नवं पॅकिंग आणण्यात पैसे घालवू नका. माझ्या गाडीचा पाइप अर्धाअधिक बुजलेला होता. कव्हर बदलताना तो कोणीच काढून पाहिला नव्हता.

गळती नेमकी कुठून होते हे शोधायला महागडी औषधं लागत नाहीत. इंजिन डिग्रीजरने धुऊन वाळू द्या, कव्हरच्या सांध्यावर चारही बाजूंनी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पंधरा-वीस किलोमीटर फिरून या. ऑइल जिथून निघतं तिथे पावडर करडी, ओलसर होते, बाकी पांढरीच राहते. डाग कोपऱ्यात असेल तर सिलिकॉनचा थेंब हुकलाय, एका बोल्टभोवती असेल तर वॉशर, आणि पूर्ण कडेला रेघ धरली असेल तर पुन्हा व्हर्नियर काढा. गिअरबॉक्सच्या बाजूला खाली ऑइल दिसलं म्हणून क्रँकच्या मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवायला सांगणारे भेटतील. कव्हरच्या मागच्या कडेचं ऑइल ब्लॉकवरून ओघळून नेमकं तिथेच जमतं, तेव्हा आधी वरची पावडर पाहा, मग गिअरबॉक्सचं ठरवा.