ट्रॉल जाळ्याची निवडक्षमता

आपल्या बेळगावच्या बाजारात येणारी समुद्राची मासळी घाटाखालून, मुख्यतः गोवा, कारवार, वेंगुर्ले या बाजूने येते. टोपलीतली कोळंबी आपल्याला दिसते. तिच्याबरोबर जाळ्यात सापडलेले बोटभर लांबीचे ढोमे आणि राणी मासे मात्र दिसत नाहीत. त्यांतील काही मेलेल्या स्थितीत समुद्रात परत टाकले जातात, तर काही मत्स्यचूर्णाच्या कारखान्याकडे जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०१० ते २०१४ या काळात जगभर दरवर्षी सुमारे ९१ लाख टन मासळी पकडून पुन्हा समुद्रात टाकली गेली. त्यातील सुमारे ४६ टक्के वाटा एकट्या तळट्रॉलचा होता.

तळट्रॉल म्हणजे समुद्रतळावरून ओढावयाचे शंकूच्या आकाराचे जाळे. दोन बाजूंच्या जड फळ्या त्याचे तोंड फाकवून धरतात. वरच्या दोराला तरंगणारे गोळे व खालच्या दोराला वजने असतात. जाळे मागे निमुळते होत जाते व शेवटी एक पिशवी येते, तिला ‘खोला’ म्हणतात. मासा राहणार की सुटणार, याचा निकाल बहुतांशी या खोल्यात लागतो.

जाळ्यात शिरलेल्या माशांपैकी कोणत्या आकाराचे किती अडकतात व किती निसटतात, या गुणधर्मास निवडक्षमता म्हणतात. ती मोजण्यासाठी खोल्यावर बारीक आसाचे दुसरे आवरण घालतात. निसटलेले मासे आवरणात व अडकलेले खोल्यात सापडतात. ज्या लांबीचे निम्मे मासे अडकतात आणि निम्मे सुटतात, ती ‘पन्नास टक्के लांबी’. मासा प्रथम अंडी घालण्याजोगा होतो त्या लांबीपेक्षा ही लांबी कमी असेल, तर पिल्ले वाढण्यापूर्वीच पकडली जात आहेत, असा सरळ अर्थ होतो.

मग आस मोठी केली की काम भागले, असे कोणासही वाटेल. पण येथे भूमिती आडवी येते. नेहमीच्या जाळ्याची आस शंकरपाळ्याच्या आकाराची असते. समजा, तिची प्रत्येक बाजू २० मि.मी. आहे. ओढ बसून खोला मासळीने भरू लागला की आस लांबट होते आणि तिचा लहान कोन समजा ३० अंशांवर येतो. त्या वेळी तिच्यात मावणाऱ्या वर्तुळाचा व्यास २० गुणिले साइन ३०, म्हणजे फक्त १० मि.मी. राहतो. तेच जाळे दोरे ओढीच्या दिशेला समांतर व काटकोनात येतील असे फिरवून लावले, तर आस चौरस राहते आणि तो व्यास २० मि.मी. भरतो. १५ मि.मी. जाडीचा गोल अंगाचा मासा पहिल्यात अडकेल, दुसऱ्यातून निसटेल. दोन्ही जाळी धक्क्यावर पट्टीने मोजली तर आस एकच भरते. फरक पडतो तो पाण्यात. अर्थात चौरस आसही सर्वगुणसंपन्न नव्हे. लेपीसारख्या चपट्या माशाला शंकरपाळी आसच सोयीची पडते.

दुसरा मार्ग जाळीच्या छिद्रापेक्षा वर्तनभेदावर व आकारभेदावर अवलंबून आहे. मासा पोहून वाट शोधतो. कोळंबी बरीचशी प्रवाहाबरोबर वाहत जाते. नॉर्वेत १९९० च्या सुमारास कोळंबीच्या ट्रॉलमध्ये तिरकी सळ्यांची चौकट बसविण्यात आली. सळ्यांमधील अंतर १९ मि.मी. असते. कोळंबी त्यातून मागे खोल्यात जाते, मोठा मासा चौकटीवरून वर सरकून छिद्रावाटे बाहेर पडतो. योगायोग असा की, १९५३ पासून केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीचा जो भारत-नॉर्वे प्रकल्प चालला, त्यातूनच आपल्याकडे कोळंबीसाठी ट्रॉल रुजला.

परंतु ही चौकट जशीच्या तशी आपल्याकडे चालत नाही. उष्ण समुद्रात जातींची गर्दी असते, कोळंबीएवढे मासेही पुष्कळ. शिवाय मोठा मासा सोडून देणे नाखव्याला परवडत नाही. म्हणून कोचीच्या केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्थेने दोन खोल्यांचे साधन तयार केले. चौकटीतून गेलेली कोळंबी खालच्या खोल्यात जाते, मोठे मासे वरच्या खोल्यात राहतात आणि पिल्ले वरच्या रुंद चौरस आसांतून निसटतात. डेकवर निवडण्याचे श्रमही वाचतात. या साधनास २००५ साली ‘स्मार्ट गिअर’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले.

तरीही खरा पेच यंत्राचा नसून हिशेबाचा आहे. ज्याने आज पिल्ले सोडली त्याचा तोटा आजच होतो. ती वाढून उद्या शेजाऱ्याच्या जाळ्यात जाण्याचा संभव असतो. एकट्याने नियम पाळणारा म्हणूनच नेहमी बुडतो. गोवा (१९८०), महाराष्ट्र (१९८१) व कर्नाटक (१९८६) यांनी सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले ते याचसाठी, की नियम सर्वांना एकदम लागू व्हावा. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना बंदी असते व ती डोळ्यांना दिसते. आस मात्र पाण्याखाली असते. दोन महिने समुद्राला विश्रांती द्यावयाची आणि उरलेले दहा महिने मिटलेल्या आसांनी पिल्ले उपसावयाची, यात बंदीचा लाभ फार काळ टिकणार नाही.