यजमानाचें कोठार आणि पाहुणें यंत्र

एका संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक चालवितां येतो, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. बाहेरच्यास यजमान म्हणतात. आंतल्यास पाहुणा, किंवा रूढ नांवानें व्हर्च्युअल मशीन. आय. बी. एम. कंपनीनें व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ सालीं जाहीर केली. तेव्हां ही कल्पना आजकालची नव्हे. पाहुण्यास जी डिस्क दिसते ती बहुधा यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाईलच असते. परंतु यजमानाजवळ आधींपासून सांठविलेले कागद व छायाचित्रें पाहुण्यास वापरूं द्यावयाचीं असल्यास काय करावें? आमच्या पालकांसही समजावें म्हणून या विषयाचा आरंभ आम्ही धुळ्याच्या एका दाखल्यानें करितों.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें मिळविलीं. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. १९२६ सालीं धुळ्यास त्यांचें निधन झालें, व त्यांच्या नांवाच्या संशोधन मंडळानें तेथें त्यांचा संग्रह जतन केला. आतां कल्पना करा, कीं एखाद्या दप्तरखान्यांत दोन रक्षक आहेत. दोघांजवळही किल्ल्या आहेत, आणि प्रत्येकाची नोंदवही निराळी आहे. पहिल्याच्या वहींत सातवा कप्पा रिकामा. दुसऱ्याच्याही वहींत रिकामा. पहिल्यानें तेथें एक दप्तर ठेविलें. दुसरा आपल्या वहीवर विसंबून, आंत काय आहे हें न पाहतां, तेथेंच आपलें दप्तर कोंबतो. आणि पहिल्याचें चुरगळून जातें.

डिस्कचें असेंच आहे. तिचा कोणता भाग भरलेला व कोणता रिकामा, याचा हिशेब प्रत्येक प्रणाली आपल्या स्मृतींत बाळगते. एक्स्टफोर, एनटीएफएस यांसारख्या नेहमींच्या रचना डिस्कला एकच धनी आहे असें गृहीत धरितात. यजमान व पाहुणा यांनीं एकाच वेळीं तिच्यावर लिहिलें, तर एकाचें लेखन दुसऱ्याच्या लेखनावर पडतें. आणि तें लगेच लक्षांतही येत नाहीं.

ही चूक आमच्याच हातून घडली आहे. जुन्या स्नेहसंमेलनांचीं छायाचित्रें ज्या डिस्कवर होतीं, ती यजमानांत जोडलेली असतांनाच आम्हीं पाहुण्यासही दिली. दोन दिवस सर्व सुरळीत दिसलें. तिसऱ्या दिवशीं कित्येक चित्रें अर्धींच उघडूं लागलीं. जळगांवच्या एका माजी विद्यार्थ्याजवळ प्रती होत्या, म्हणून बहुतेक परत मिळालीं; कांहीं चेहरे मात्र कायमचे गेले.

म्हणून दोन निर्धोक मार्ग सांगतों. पहिला, सबंध डिस्क पाहुण्याच्या स्वाधीन करणें. तसें करावयाचें तर यजमानानें ती आधीं सोडिली, म्हणजे अनमाउंट केली पाहिजे. शिवाय डिस्क तिच्या स्थायी ओळख-क्रमांकानेंच दाखवावी. कारण लिनक्सवर संगणक पुन्हां सुरू केल्यानंतर 'एसडीए', 'एसडीबी' या नांवांची अदलाबदल होऊं शकते.

दुसरा मार्ग, डिस्क यजमानाकडेच ठेवून तिच्यांतील एक फोल्डर पाहुण्यास वापरूं देणें. येथें पाहुणा किल्ली मागत नाहीं, फाईल मागतो. कप्प्यांचा हिशेब यजमानच ठेवितो. यासाठीं व्हर्टिओ-एफएस, सांबा, किंवा सन कंपनीनें १९८४ सालीं तयार केलेली एनएफएस, अशीं साधनें आहेत. नुसतें वाचावयाचें असेल तर वाचनापुरतीच परवानगी द्यावी. फाईल दिसते पण उघडत नाहीं, असें झाल्यास डिस्कला दोष देऊं नये. यजमानांतील व पाहुण्यांतील वापरकर्त्यांचे क्रमांक जुळतात कीं नाहीं, तें पाहावें.

डिस्क एकट्या पाहुण्यासच लागत असेल तर पहिला मार्ग ठीक; जुना संग्रह दोघांसही हवा असेल तर दुसराच धरावा. आणि कोणत्याही मार्गानें जाण्यापूर्वीं एक प्रत निराळ्या ठिकाणीं अवश्य ठेवावी. विद्यार्थिमित्रहो, पाहुण्याचें आतिथ्य मनापासून करावें. पण कोठाराची वही एकाच हातीं असावी.