मालकीचे रान

मंडळी, रान म्हटले की आपल्याला वाटते, ते सरकारचे. पण कोकणात तसे नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडे पुष्कळ रान लोकांच्या मालकीचे आहे. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे नाव असते. ते रान राहणार की जाणार, हे त्याच्याच हाती.

या रानात ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, बेहडा, उंबर अशी झाडे असतात. ती बहुतेक कोणी लावलेली नाहीत. पाखरांनी बी टाकले, पावसाने रुजवले. ती इथल्या मातीचीच लेकरे. त्यांना खत नको, शिंपणे नको.

कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तोही बहुतेक चार महिन्यांत. उघड्या डोंगरावरून हे पाणी धो धो वाहते नि माती घेऊन जाते. रानात पाला पडलेला असतो. तो पाणी अडवतो. मुळांच्या वाटेने पाणी जमिनीत मुरते. तेच पुढे झऱ्याला आणि विहिरीला येते.

जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. नर बाहेरून तिला फळे भरवतो. हाच पक्षी बिया दूरवर टाकतो, म्हणजे रान पेरतो. पण अशी ढोली कोवळ्या झाडाला नसते.

मग लोक रान तोडतात कशाला? आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. मुलीचे लग्न निघते, घरात आजारपण येते. ठेकेदार रोख पैसे पुढे करतो आणि सगळा डोंगर एकदम तोडून नेतो. पैसा लवकर संपतो. रान काही लवकर येत नाही.

आता नीट विचार करा. रान राखले तर पाणी खालच्या साऱ्या वाडीला. पैसा बुडाला तो मात्र एकट्या मालकाचा. हा न्याय झाला का? नाही. म्हणून रान राखणाऱ्याला सगळ्यांनी हात दिला पाहिजे. तो कसा?

एक, करार. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने रानमालकांशी करार केले. ठरलेली वर्षे रान तोडायचे नाही, त्याबद्दल मालकाला मोबदला. जमीन मालकाचीच राहते.

दोन, फळांचा भाव. त्रिफळा चूर्णाला हिरडा, बेहडा आणि आवळा लागतो. झाड उभे ठेवून फळे विकता येतात. चार घरांनी मिळून विकली तर भाव बरा येतो.

तीन, वाडीची मदत. वणव्याच्या दिवसांआधी सगळ्यांनी मिळून जाळरेषा काढावी. गुरे दुसरीकडे चारावी. तुटलेल्या झाडांची खोडे बहुधा जिवंत असतात. त्यांना पावसात फुटवे येतात. दोन-तीन जोमदार फुटवे ठेवावे, बाकीचे जळणाला काढावे. राबासाठी कवळ तोडताना शेंडा राखावा. मग रान आपोआप उठते.

आणखी एक गोष्ट. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा कोणाच्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. ठेकेदाराचा असो की संस्थेचा. गट नंबर आपलाच आहे ना? किती वर्षांचा करार? पैसे किती, केव्हा? जळण, पाला, फळे घ्यायची मुभा आहे का? सातबाऱ्यावर भावांची नावे असतील, तर मुंबईच्या भावालाही विचारा. नाहीतर रानही जाते आणि भाऊही जातो.

झाड आपले असले, तरी आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडे तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. हेही ध्यानात ठेवा.

शब्दांचे अर्थ

ढोली : झाडाच्या खोडातली पोकळी
जाळरेषा : वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून केलेला मोकळा पट्टा
कवळ : राबासाठी तोडलेल्या पानांच्या फांद्या
मोबदला : दिलेल्या गोष्टीबद्दल मिळणारा पैसा

प्रश्न

१. डोंगरावरचे रान तुटले, तर खालच्या विहिरीचे काय होते?
२. करारावर सही करण्याआधी कोणत्या गोष्टी पाहाव्या?
३. तुमच्या वाडीच्या वर कोणाचे रान आहे? त्याला तुम्ही कोणती मदत कराल? पाच ओळी लिहा.