चाती : शब्दाचे अर्थ व कापूस पिकविणाराचा हिशेब

सहकारी सूतगिरणीच्या माहितीपत्रकांत ‘पंचवीस हजार चात्यांची गिरणी’ अशा प्रकारचे शब्द असतात. कापूस पिकविणारे आमचे पुष्कळ बंधु तो आंकडा वाचतात. परंतु चाती म्हणजे काय व तिचा आपल्या शेताशीं संबंध कोणता, याचा विचार क्वचितच होतो. तो येथें करावयाचा आहे.

स्वतःभोंवतीं फिरून कापसाच्या तंतूंना पीळ देणारी, व झालेलें सूत अंगावर गुंडाळून घेणारी जी सळई, ती चाती होय. संस्कृतांत हिला तर्कु म्हणतात. सळईस चकती बसवून ती हातानें फिरविली व लोंबती सोडली, म्हणजे ती टकळी. अखंड बोलणाराची ‘टकळी चालते’ असें आपण म्हणतों, तें तिच्याच फिरण्यावरून. चरख्यांत ही सळई आडवी बसते व माळेनें चाकाशीं जोडली जाते. चाकाचा व्यास २० इंच आणि चातीवरील माळेच्या जागेचा व्यास अर्धा इंच असेल, तर माळ न घसरल्यास चाकाच्या एका फेऱ्यांत चातीचे ४० फेरे होतात. गिरणींत चाती उभी असते, व हल्लींच्या यंत्रांत ती मिनिटास १५,००० हून अधिक फेरे घेऊं शकते. कारखान्यांत लेथच्या फिरत्या आंसासहि ‘स्पिंडल’ म्हणतात. पण तेथें फिरणें तेवढें समान, पीळ नाहीं.

एक चाती एका वेळीं एकच धागा काढते. म्हणून गिरणीचें सामर्थ्य चात्यांनीं मोजतात. इंग्लंडांत १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्ज यानें एका चाकावर प्रथम ८ चात्या चालविल्या. मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं गिरणीची कंपनी स्थापिली. यंत्रें पुष्कळ बदललीं, परंतु पीळ देण्याचें चातीचें मूळ काम बदललें नाहीं.

आतां हिशेब पाहूं. एक पौंड सुतांत ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतात, तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरी सुताच्या एका पौंडांत १६,८०० यार्ड धागा असतो. ताण्याच्या सुतास दर इंचास लागणारा पीळ सामान्यतः नंबराच्या वर्गमुळाच्या सुमारें चौपट धरतात. म्हणजे १६ नंबरास इंचास १६ पीळ. परंतु तंतु आंखूड असले तर त्यांची एकमेकांवरील पकड कमी पडते, व तेंच सूत टिकण्यास पीळ अधिक द्यावा लागतो.

समजा, चाती मिनिटास १६,००० फेरे घेते. इंचास १६ पीळ पुरले तर मिनिटांत १,००० इंच सूत निघेल. २० पीळ द्यावे लागले तर ८०० इंचच. वीज, मजुरी व यंत्राची झीज तितकीच, आणि सूत मात्र पांचव्या हिश्श्यानें कमी! आंखूड तंतूच्या कापसास भाव उतरतो, त्याचें एक मोठें कारण हें आहे.

मिसळलेल्या कापसाची गोष्ट याहून वाईट. लांब व आंखूड तंतु एकत्र आले कीं धागा कोठें जाड, कोठें बारीक होतो व बारीक जागीं तुटतो. तुटलेला धागा सांधला जाईपर्यंत ती चाती व्यर्थ फिरते. पोत्याचा प्लास्टिकचा दोरा कापसांत शिरला, तर तो सुतांतून कापडापर्यंत जातो व रंग घेत नाहीं.

यास्तव शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी पाळाव्या. पहिल्या वेंचणीचा कापूस शेवटच्या वेंचणींत मिसळूं नये. किडकीं व अर्धवट उमललेलीं बोंडें निराळीं ठेवावीं. वेंचणीसाठीं सुती कापडाची झोळी वापरावी. वजन वाढविण्यासाठीं कापसावर पाणी मारूं नये. ओल्या कापसाच्या गंजींत उष्णता वाढून तंतु पिवळा पडतो व कमजोर होतो. बाजारास जाण्यापूर्वीं कांहीं सरक्यांवरील तंतु विंचरून पट्टीवर मोजावे, म्हणजे आपण काय विकतों हें आपणांस कळेल. कांटा वजन सांगतो. तंतूची परीक्षा चातीवर होते. जो ती परीक्षा आधीं घरीं घेईल, त्यास भाव ठरतांना दोन शब्द आधारानें बोलतां येतील.